यंदा रकाना रिकामा

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, तिच्या टेबलावर ओळीने मांडले जायचे, आणि ती गुलाबी मेणात एकेक दात बसवत जायची. कामावर सगळे तिला कवळीताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट, आपण लोकांच्या हसण्यावर पोट भरतो, असं ती स्वतःच सांगायची. दात केसभर जरी पुढे बसला तरी माणसाचा 'स' बिघडतो, हे एकवीस वर्षांत तिच्या बोटांना कळून चुकलं होतं. त्यामुळे घाई हा प्रकार तिच्याजवळ नव्हताच.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ. आईवडील वर्षाच्या आत पाठोपाठ गेले तेव्हा धाकटा एकोणीस वर्षांचा होता, आणि त्याला आकडी यायची. कधी रस्त्यात, कधी जिन्यात, एकदा तर चक्क न्हाव्याच्या खुर्चीत. कुणी कामावर ठेवलंच, तर पहिल्या आकडीनंतर गोड बोलून घरी पाठवायचे. त्याची औषधं, डॉक्टर, कपडेलत्ते सगळं ताईच्या अंगावर आलं, आणि वर्षातून एकदा आयकराच्या फॉर्ममधला एक रकानाही आला: 'करदात्यावर अवलंबून असलेली व्यक्ती'. तिथे ती भावाचं नाव लिहायची. आमच्या घरात दोनच गोष्टींची धास्ती, ती म्हणायची, एक आकडी आणि दुसरे आकडे.

आकड्यांची धास्ती तिने हळूहळू मोडून काढली. आधी एक एजंट तिचा फॉर्म भरायचा. एके वर्षी त्याने औषधांचा खर्च दोनदा दाखवला, आपली फी घेतली आणि तो मोकळा झाला. नोटीस आली ती मात्र हिच्या नावाने. दंड भरून परत येताना तिने कर कार्यालयातून माहितीपुस्तिका उचलून आणली. दुसऱ्याच्या तोंडात बत्तीस दात मी बसवते, मग स्वतःच्या फॉर्मचे बत्तीस रकाने मला का जमू नयेत, असा तिचा सरळ हिशेब होता. तेव्हापासून दर वर्षी दोन रविवार ती सकाळीच स्वयंपाकघरातलं टेबल पुसून बसायची. आधी सगळं पेन्सिलीने, आठवडाभर तसंच ठेवायचं, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा तपासून पेनाने.

परतावा दर वर्षी येई, पण सारखा कधीच नाही. पगारातून कर पूर्ण कापला जायचा. भावाची आणि त्याच्या औषधांची सूट वर्षअखेरीला मिळायची, तेवढे पैसे परत यायचे. ज्या वर्षी जादा काम केलं त्या वर्षी कमी, महागडं औषध लागलं त्या वर्षी जास्त. एका वर्षी तर उलटे हिलाच भरावे लागले आणि तिने तीन महिने चपला शिवून वापरल्या. पण एकंदरीत त्या पैशांची तिला सवय झाली होती. कपडे धुण्याचं यंत्र त्यातून आलं, धाकट्याची नवी गादीही त्यातूनच आली. यंदा स्वयंपाकघराची खिडकी बदलायची होती. जुनी फुगली होती, बंदच व्हायची नाही, आणि थंडीच्या दिवसांत भाजी चिरताना बोटं आखडायची. सुताराने माप घेतलं होतं. ताईने त्याला आगाऊ रक्कमही देऊन टाकली होती.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी औषध बदललं, आणि आकडी विरळ होत होत थांबली. धाकट्याने कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम मागितलं. दुकानाच्या मिस्त्रीला त्याने आपला आजार आधीच सांगून टाकला. मिस्त्री एवढंच म्हणाला, की आली तर काय करायचं ते भिंतीवर लिहून ठेव. सुरुवातीला धाकटा आठवड्यातून दोन दिवस जायचा, मग चार, आणि गेल्या वर्षापासून रोज. वाकडं चाक तो डोळ्यांसमोर फिरवायचा, एकेक तार अर्धा आटा पिळायचा, आणि चाक सरळ धावायला लागलं की स्वतःशीच हसायचा. घरातल्या भाजीचे पैसे तो देऊ लागला. ताईला त्याचं कौतुक होतं, पण फॉर्म भरायला बसेपर्यंत त्याच्या कमाईचा आणि आपल्या परताव्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

पहिल्या रविवारी तिने त्याच्या वर्षभराच्या कमाईचा कागद मागून घेतला, पुस्तिकेतली मर्यादा पाहिली आणि बेरीज केली. कमाई मर्यादेच्या बरीच वर गेली होती. म्हणजे त्याचं नाव त्या रकान्यात बसत नव्हतं. नाव काढून तिने हिशेब केला, तर परतावा गेल्या वर्षीच्या पावसुद्धा नव्हता. चुकलंच असणार, असं म्हणून तिने पुन्हा केला. तिसऱ्यांदा खालून वर बेरीज केली. आकडा काही हलेना.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ही गोष्ट साचे ओतणाऱ्या बाईंना सांगितली. बाई अनुभवी. त्या म्हणाल्या, एवढं काय त्यात, इतकी वर्षं लिहितेस तसंच लिही, तुझ्या घरात येऊन कोण बघतंय. संध्याकाळी घरी आल्यावर ताईने रकान्यात पेन्सिलीने भावाचं नाव लिहिलं. नुसतं लिहून बघितलं, असं तिने स्वतःला सांगितलं. पेनाचा रविवार अजून लांब होता.

धाकटा हात धुऊन टेबलापाशी आला, तेव्हा कागद तिथेच होता.

"ताई, यात माझं नाव का?"

"दर वर्षी असतं."

"दर वर्षी मी तुझ्या जिवावर होतो." तो खुर्ची ओढून बसला. "यंदा नाहीये ना?"

ताईने त्याला खिडकीचं सांगितलं. सुताराला पैसे दिलेत, आता तोंड कसं दाखवू, हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग नेहमीच्या सावकाश आवाजात तो म्हणाला, "खिडकी होईल गं. पण मला यातून काढ. मला वाटलं होतं, तूच आधी काढशील."

हे तिला लागलं. नाव काढायला तिचा हात का धजत नव्हता, ते तिला तोवर नीट कळलं नव्हतं. पैसे तर होतेच. पण एकोणीस वर्षं त्या ओळीत त्याचं नाव बघताना तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी कामी येतो, आणि तेही सरकारी कागदावर. ते खोडायचं म्हणजे घरातलं एक माणूस कमी झाल्यासारखं. ती भांडली नाही. उठून पोळ्या लाटायला लागली, आणि त्या दिवशी पोळ्या जरा जाडच झाल्या.

दोन दिवसांनी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती कर कार्यालयात गेली. मदतीच्या खिडकीपाशी एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी तिचा कागद वाचला आणि हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं.

"गेल्या वर्षापर्यंत भाऊ अवलंबून होते. यंदा काय झालं?"

"यंदा तो कमावतो," ताई म्हणाली.

हे वाक्य तिने आजवर कुणालाच असं सरळ सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना ती 'जातो आपला दुकानात' म्हणायची, दृष्ट लागू नये म्हणून. कारकुनांनी मान डोलावली आणि ते पुढच्या कामाचं बोलू लागले. परतावा म्हणजे बक्षीस नव्हे, तुमचेच जादा कापलेले पैसे. यंदा कमी येणार ते सूट गेली म्हणून. भावांची कमाई करपात्र आहे, त्यांना स्वतःचा फॉर्म भरावा लागेल. आणि तुम्ही कामावर दरमहा विमा हप्त्याची पावती दाखवत नाही असं दिसतंय. ती दाखवलीत तर पगारातच थोडं कमी कापलं जाईल, वर्षभर वाट बघायला नको. ताईने दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला. बाहेर पायऱ्यांवर उभं राहून ती तेच वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणाली. ऐकायला बरं वाटत होतं.

सुताराकडे ती स्वतः गेली. परतावा कमी येणार, पूर्ण खिडकी यंदा जमणार नाही, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. सुतार म्हणाला, जुन्या झडपांना रंधा मारून आणि चौकट नवी घालून काम भागेल, तुमच्या आगाऊ रकमेत जेमतेम बसेल. खिडकी दिसायला दोन रंगांची झाली, पण बंद होऊ लागली.

दुसऱ्या रविवारी टेबलावर दोन फॉर्म होते. ताईने आपल्या फॉर्मवरचं नाव खोडरबराने पुसलं, कागद फुंकला आणि तो रकाना तसाच ठेवून पुढे गेली. धाकट्याने पहिल्या पाच मिनिटांत उत्पन्नाच्या जागी वय लिहिलं. अडतीस रुपयांवर कर नाही लागत, ती म्हणाली, आणि दोघं कितीतरी वेळ हसत होती. 'व्यवसाय' या ओळीपाशी तो बराच अडला. आजवर त्याच्या बाबतीत ती ओळ कुणी विचारलीच नव्हती. शेवटी त्याने 'चाकं सरळ करणे' असं लिहिलं. ताईने ते तसंच राहू दिलं असतं, पण मग त्यानेच पुसून 'सायकल दुरुस्ती' केलं. सही मात्र त्याने आधी रद्दी कागदावर सहा वेळा करून बघितली.

ताईचा परतावा आला, म्हटल्याप्रमाणे तुटपुंजा. तिने त्यातून नव्या चपला घेतल्या. कामावरच्या हिशेबनिसाकडे तिने विम्याची पावती दिली, आणि पुढच्याच महिन्यात पगार थोडा जास्त हातात पडला. साचे ओतणाऱ्या बाईंनी ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आपलीही पावती शोधून घेऊन आल्या.

धाकट्याच्या नावाचं कर कार्यालयाचं पत्र त्यानंतर आठवड्याने आलं. त्यालाही परतावा होता, आणि त्याने जोडला होता त्यापेक्षा जास्त. ताईला वाटलं, आता याचं काय घेऊ म्हणून विचारेल. पण तो पत्र घेऊन तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, हा आकडा माझ्या आकड्याशी जुळत का नाही? दोघांनी महिन्यामहिन्याचे कागद लावून बघितले. एका महिन्यात मिस्त्रीने कर दोनदा कापून भरला होता, आणि ते धाकट्याच्या नजरेतून सुटलं होतं. कागद घडी घालून तो दुकानाकडे गेला.

तासाभराने परत आला. मिस्त्रीने कपाळावर हात मारला, म्हणे, आणि कबूल केलं की आपला स्वतःचा फॉर्म तो नऊ वर्षं कुणाच्या तरी भरवशावर सोडतो, आत काय लिहिलंय ते बघतसुद्धा नाही.

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय, रविवारी ये म्हटलं कागद घेऊन." धाकट्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, प्यायला आणि खाली ठेवला. "मी बघतो म्हटलं. अडलं तर तुला विचारीन."