विट्याच्या चौकात उजवीकडं ओढणारी गाडी

मागच्या आठवड्यात या ग्रुपवर एकानं विचारलं होतं – वर्षभर वापरलेली, जवळजवळ नवीच लक्झरी सेडान मिळतेय, घ्यावी का? खाली ढीगभर सल्ले आले. टायर बघा, सर्व्हिस कुठं झाली ते बघा, पुराच्या पाण्यात बुडालेली नाही ना ते बघा... सगळं बरोबर आहे. सांगलीत राहून पुराचं विसरेल असा कोण आहे! पण मला आणखी एक सांगायचंय, आणि ते कमेंटमध्ये मावणार नाही म्हणून इथं लिहितेय.

हसायचं त्यांनी खुशाल हसा. आमचा सांगलीत हळद दळून, पॅकिंग करून विकायचा धंदा आहे. नवरा गेल्यापासून तो मी एकटी बघते. गिरणीतलं मोठं मशीन मी अमावस्येला चालू केलं, कारण ते आलंच अमावस्येला. करणी, नजर, झपाटणं असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी विषय बदलते, नाहीतर भांडते. जास्त वेळा भांडतेच. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा की हे सांगणारी बाई भित्री नाही.

तर गाडी. मला सेडानच हवी होती. पांढरी, लांबडी, आत बसल्यावर बाहेरचा आवाज बंद होणारी. आमचे हे होते तेव्हा आम्ही लग्नांनासुद्धा टेम्पोतून जायचो, पायाशी हळदीची पोती. साडीला कायम पिवळा डाग. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस अशी गाडी घेणार की लोकांनी वळून बघावं. आता ऐपत झाली तर घेतली, यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

गेलं ते दत्ताभाऊजींचं. म्हणजे माझे दीर. "वहिनी, बाईमाणसाला कशाला एवढी गाडी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, गाडी चांगली आहे," मी म्हटलं.

भांडण गाडीचं नव्हतंच, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांना गिरणी त्यांच्या मुलाच्या हाती द्यायची आहे. 'वहिनींना झेपत नाही' एवढं सगळ्या घराकडून एकदा वदवून घेतलं की काम झालं. आज मी गाडी सोडली असती तर उद्या गिरणी सोडावी लागली असती. पुढं जे झालं त्यात मी इतकी हट्टाला का पेटले, ते यावरून कळेल.

गाडी मिळाली भिवघाटाच्या पलीकडं, आटपाडीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता थोडी डाळिंबं. लेक बिरू सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात, लांब तमिळनाडूत. तिकडची बरीच पोरं हेच करतात, परमुलखात जाऊन सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. यानं हौसेनं गाडी घेतली, घरापुढं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, गावी आला की चालवायचा. आता दुकान वाढवायचं म्हणून विकायला काढली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. सगळं तपासलं, माझा माणूस नेऊन परत तपासलं. काही म्हणजे काही खोट नाही.

चावी घ्यायच्या दिवशी त्याची म्हातारी आई – सगळे तिला अक्का म्हणतात – बॉनेटला हळदीकुंकू लावायला बाहेर आली. आतल्या आरशाला काळ्या लोकरीची, हातानं वळलेली एक दोरी बांधलेली होती. अक्कानंच बांधली होती. ती लेकाला म्हणाली, "बिरू, दावं सोडून घे रं आदी."

"आये, ही काय म्हस हाय व्हय?" बिरू हसला. "गाडी हाय ती."

आपल्याकडं गुरं विकणाऱ्यांना माहीत असेल, जनावर विकतात पण दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, जुनं मालकाच्या गोठ्यातच राहतं. मला हे माहीत होतं. तरी मी पण हसले. म्हटलं, "राहू द्या की अक्का, छान दिसतंय."

"दाव्यासंगं दिल्यालं जनावर माघारी येतंय बाई," अक्का म्हणाली. आम्ही दोघं आणखी हसलो, आणि मी गाडी घेऊन सांगलीला आले.

आमची शेती कडेगावजवळ आहे, ऊस आहे तिथं. विट्यात आमची हळद घेणारी दुकानं असल्यामुळं मी नेहमी तासगावहून विट्याला आणि तिथून डावीकडं वळून कडेगावला जाते. उजवीकडं गेलं की भिवघाट, आटपाडी. गाडी घेतल्यावर पहिल्यांदाच निघाले होते. चौकात डावा इंडिकेटर दिला. तो बंद झाला आणि उजवा लागला. परत डावा दिला. परत उजवा. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, एक कायतरी ठरवा!"

नवीन गाडी, माझाच हात चुकला असेल, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी त्याच चौकात स्टिअरिंग जड झालं. जड म्हणजे... डावीकडं वळवताना कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी ओढून वळवलं तेव्हा वळलं. गावाबाहेर पडल्यावर परत लोण्यासारखं हलकं.

कोल्हापूरला सर्व्हिस सेंटरला नेली. अलाइनमेंट केली, कॉम्प्युटर लावला. नकाशात जुन्या मालकाच्या घराचा पत्ता होता तो पुसायला लावला, म्हटलं गाडी त्यामुळं गोंधळत असेल. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, नकाशा नुसता रस्ता दाखवतो, स्टिअरिंग नाही फिरवत. गाडीत काही फॉल्ट नाही." तासगाव, मिरज, इस्लामपूर, सगळीकडं फिरवून बघितली. कुठं काही नाही. फक्त विट्याचा चौक.

आणि मग नेमके भाऊजी बरोबर असताना ते झालं. उसाला पाणी कमी पडतंय म्हणून दोघं कडेगावला निघालो होतो. चौकात मी जोर लावून डावीकडं वळवली आणि गाडी बंद पडली. रस्त्याच्या मधोमध. बटण दाबलं, काही नाही. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, हॉर्नवर हॉर्न. चारपाच लोकांनी ढकलून गाडी बाजूला घेतली, आणि बाजूला घेताना तिचं तोंड उजवीकडच्या रस्त्याला झालं. मी बटण दाबलं. लगेच चालू!

भाऊजींचा चेहरा पिठासारखा झाला. सहज म्हणून मी गाडी फिरवून परत डावीकडं तोंड केलं. बंद. ढकलून फिरवली. चालू. ढकलणाऱ्यांतला एकजण हात जोडून निघून गेला.

भाऊजी खाली उतरले. "वहिनी, आवं ऐका माझं, ही गाडी घरात नको. आजच्या आज विकून टाका. मी आपला एसटीनं जातो."

"जावा," मी म्हटलं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, नुसता राग आला. एवढी माझी हौस, आणि या गाडीनं नेमकं भाऊजींच्या देखत माझं नाक कापावं! म्हटलं, थांब तुझ्या... कुठं जायचंय तुला? चल. बघतेच.

उजवीकडं घेतली. काय पळाली म्हणून सांगू. हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले. घाट, माळ, बाभळी, सरळ अक्काच्या अंगणात येऊन उभी राहिली.

भर दुपारी अक्का रिकाम्या शेडखाली बसली होती. मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही. उठली, आधी बॉनेटवर हात फिरवला. "आलीस व्हय गं माजे बाई?" हे गाडीला. मग मला, "ये, च्या टाकते."

"चहा नको अक्का. ही तुमची दोरी सोडून घ्या आणि मला मोकळं करा. घरात माझा तमाशा चाललाय या गाडीपायी."

अक्का आत वाकली. गाठीला हात लावला. आणि तशीच थांबली.

"सोडती की," ती म्हणाली. "माजं काय... ही हुती तवा गाडी बघाया तरी यायचा बिरू. ही गेली, तवापास्नं फिरकला न्हाई. फोनवं बोलतुया. पर फोनला हात लावून काय कळतंय बाई, बारीक झालाय का काय?"

मी तिचा हात गाठीवरून बाजूला केला. म्हटलं, "राहू द्या अक्का. नका सोडू. चहा टाका."

बकरीच्या दुधाचा चहा प्यायले. परत निघाले तर गाडी मुकाट्यानं सांगलीला आली. घरी पोचल्यावर पहिल्यांदा बिरूला फोन केला.

"तुमची गाडी तुमच्या आईला भेटायला येते. तुम्ही कधी येणार?"

"ताई, धंद्यामुळं अजिबात सवड..."

"धंदा मलाही आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊजींनी तोवर सगळं घर गोळा केलं होतं. गाडी बाधलेली आहे, ती वहिनींना झेपत नाही आणि एकंदरीतच वहिनींना काही झेपत नाही. जाऊबाईंनी गाडीखाली ठेवायला लिंबं आणली होती. ती मी दुसऱ्या दिवशी पोह्यांवर पिळली. सगळ्यांसमोर सांगितलं – गाडी विकणार नाही, आणि गिरणीच्या किल्ल्या माझ्याच कमरेला राहणार. गाडीला उजवीकडं जायचं असेल तर मी उजवीकडं जाऊन मग डावीकडं जाईन. डिझेल माझं, वेळ माझा, तुमचं काय दुखतंय?

आणि तसंच करायला लागले. कडेगावला निघायचं, विट्याच्या चौकात मी डावा इंडिकेटर द्यायचा, गाडीनं उजवा लावायचा. "बरं बाई," म्हणायचं आणि भिवघाटाकडं जायचं. अक्काकडं घटकाभर बसायचं. मी हळद न्यायची, ती पदराखालून डाळिंबं काढायची. एकदाही चुकलं नाही.

मग एका दुपारी चौकात डावा इंडिकेटर दिला... आणि तो तसाच लागून राहिला. स्टिअरिंग फिरवलं. फिरलं. गाडी गुमान कडेगावच्या रस्त्याला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. गाडी सुधारली, भाऊजींचं तोंड बंद झालं. पण झाला नाही. बाजूला थांबले. मनात एकच – आता तिकडं ओढायला कुणी राहिलं नाही. अक्काला फोन लावला, उचलला नाही. गाडी वळवली. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला उजवीकडच्या रस्त्याला नेलं, तिनं मला नाही.

अंगणात पोचले तर दारासमोर चपलाच चपला. बायकांच्या, पुरुषांच्या, लहान पोरांच्या. आपल्याकडं दारात अशा चपला कधी दिसतात ते सांगायला नको. मी गाडीतून उतरले ती दाराला धरूनच.

आणि आतून अक्काचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आनि एक घे रं! निम्मीच भाकरी खाल्लीस. बघा गं, कसा वाळलाय त्यो!"

बिरू आला होता. बायको-पोरांना घेऊन, कुणाला न कळवता, त्याच सकाळी. शेजारपाजारचे बघायला जमले होते. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. मी! बिरू उष्ट्या हातानं उठून बाहेर आला. "ताई, काय झालं? आज गाडी घिऊन आली व्हय तुमाला?"

"नाही," मी म्हटलं. "आज माझी मीच आले. गाडी येत नव्हती."

आता सांगा. दाव्यामुळं ओढत होती म्हणावं तर दावं त्या दिवशीही आरशालाच होतं. नकाशातल्या पत्त्याचं म्हणावं तर तो कधीच पुसलाय. बिरू आल्याचं मला माहीत नव्हतं, गावाबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मग हिला कुणी सांगितलं? मी खूप विचार केला. उत्तर नाही. मी अजूनही करणी-बिरणी मानत नाही, पण उत्तर नाही ते नाही.

आठवडाभरानं बिरू परत गेला. पुढच्या खेपेला विट्याच्या चौकात डावा इंडिकेटर दिला, तो बंद झाला आणि उजवा लागला. मी म्हटलं, "बरं बाई."

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या भाऊंना माझा सल्ला – बिनधास्त घ्या. टायर बघा, पूर बघा. आणि चावी देताना त्या घरातलं म्हातारं माणूस काही बोललं तर माझ्यासारखं हसण्यावारी नेऊ नका, पुरतं ऐकून घ्या. बाकी भाऊजींनी माझ्या गाडीला परस्पर गिऱ्हाईक बघायला घेतलंय असं कानावर आलंय. हे वाचून कुणी मला मेसेज करायच्या आत सांगून ठेवते. गाडी विकायची नाही.