दोन डोंगर, एक फाटक

सपाट जमिनीवर राहून डोंगराचा गर्व करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि नेमका तो माझा साडू निघाला. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे कालव्यावरचा पूल सायकलने ओलांडला तरी लोकांना घाट चढल्याचं समाधान मिळतं, तिथे आमच्या साडूभाऊंकडे चक्क डोंगर आहे. सातबारा त्यांच्या नावावर नाही एवढंच. जागा गेमेंटेची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, आणि वापर गावातल्या एका जुन्या स्की क्लबचा. पण साडूभाऊ त्याला ‘आपला डोंगर’ याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत. आता खरं सांगायचं तर हा डोंगर म्हणजे मुळात गावाचा कचरा. वर्षानुवर्षं साठलेल्या ढिगावर कोणे एके काळी माती लोटली, गवत लावलं आणि एका उतारावर ब्रशासारख्या ताठ केसांच्या प्लास्टिकच्या हिरव्या चटया अंथरल्या. त्यांच्यावर पाणी मारलं की त्या निसरड्या होतात आणि बर्फ नसतानाही स्कीइंग करता येतं. वरून निघालेला माणूस खाली पोचेपर्यंत धड शिंकूनही होत नाही, असं मी एकदा सहज म्हणून गेलो. साडूभाऊंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. “तू नीउ-व्हेनेपला राहतोस. समुद्राच्या पातळीखाली. तुझ्या बेडरूमपासून मोजायला घेतलं तर आपला डोंगर केवढा होतो, ते बघ आधी.” त्यानंतर कित्येक दिवस मला झोपताना उगाचच पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. मूळचे वर्ध्याचे. उन्हाळ्यात जिथे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तिथे वाढलेल्या या माणसाने पस्तिशीपर्यंत बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीच्या गाड्यावर. नोकरीसाठी ते आइंडहोवनला आले, कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या मशीनवर काम करू लागले आणि घर घेतलं ते जवळच्या एका छोट्या गावात. तिथे मुलीला स्कीच्या वर्गात घातलं. मुलीने महिन्याभरात स्की सोडून घोडेस्वारी धरली. तिला सोडायला जाणारे साडूभाऊ मात्र तिथेच राहिले. तिकडे असे क्लब चालतात ते सभासदांच्या फुकट कामावर, आणि फुकट काम हा साडूभाऊंचा जीव की प्राण. जयंतीचा मांडव असो नाहीतर विहाराची रंगरंगोटी, बाह्या वर करून सगळ्यात आधी उभा राहणारा हा माणूस. फाटलेल्या चटया क्लबवाले प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कशाबशा बांधायचे. साडूभाऊंनी नायलॉनची दोरी आणि दाभण आणलं आणि लहानपणी आईला गोधडी शिवताना पाहिलं होतं तसे जवळजवळ टाके घालून सगळा उतार शिवून काढला. क्लबच्या अध्यक्ष म्हणजे एक उंच, पिकल्या केसांच्या डच बाई. त्यांनी त्या टाक्यांवरून हात फिरवला आणि त्या दिवसापासून साडूभाऊ समितीवर गेले.

स्वतः साडूभाऊ स्की करतात का, असं लोक विचारतात. करतात. म्हणजे ते वर उभे राहतात, तोल सावरतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने खाली सापडतात. पण शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. गोरी-गोमटी पोरं रांगेत उभी करून ते खालून ओरडणार, “गुडघे वाकव, वाकव!” ती पोरं आता एकमेकांनाही ‘वाकव’ म्हणतात, आणि तो स्कीइंगमधलाच एखादा जुना शब्द असावा असा त्यांचा समज आहे. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी डोंगर. लायडनला माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या एका मित्राला मी त्यांच्याकडे नेलं, तर भर पावसात त्याला वर नेऊन चारी दिशा दाखवल्या. चारी दिशांना सारखंच दिसत होतं. तो बिचारा कुडकुडत म्हणाला, छान आहे. साडूभाऊ म्हणाले, नुसतं छान नाही, मोकळं आहे.

तर या सुखी माणसाच्या डोक्यात भुंगा सोडला ऑस्ट्रियाने. क्लबबरोबर ते एकदा तिथे जाऊन आले आणि परतले ते पिसाटल्यासारखे. तिथे म्हणे एक एवढंसं गाव होतं, त्याचा एवढासा उतार होता, पण शेजारच्या भल्यामोठ्या स्की रिसॉर्टला तो जोडलेला होता. एका पासावर, पायातल्या स्की न काढता, माणूस लहान डोंगरावरून मोठ्या डोंगरावर जाऊ शकत होता आणि परत येऊ शकत होता. लहान गाव मोठ्याच्या नकाशावर होतं. बाकी आल्प्स पर्वताबद्दल साडूभाऊंना काही म्हणायचं नव्हतं. त्यांना फक्त ती जोडणी आठवत होती.

कारण आपल्या डोंगरालाही असा एक शेजारी होता. कुंपणापलीकडे, एक पाण्याचा चर ओलांडला की खऱ्या बर्फाचं मोठं स्की केंद्र. विमानतळासारखी बंद इमारत, आत बारा महिने बर्फ, माणसांना वर नेणारे पाळणे, हॉटेल, सगळा थाट. मध्ये एक लोखंडी फाटक होतं. त्याला केंद्राने कुलूप घातलं होतं, कारण क्लबची पोरं चिखलाच्या बुटांनी त्यांच्या आवारात जायची. साडूभाऊंनी आराखडा काढला. डोंगराच्या खांद्यावरून चटयांचा एक हलका उतार, चरावर लाकडी पूल, फाटकातून थेट केंद्राच्या मागच्या दारात. येताना वर आणणारा एक चालता पट्टा. ते हा आराखडा घेऊन केंद्राच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजर उमदा, हसतमुख गडी. त्याने कॉफी दिली आणि हसत हसत सांगितलं, की हे म्हणजे पोहण्याच्या तलावाला बादली जोडण्यासारखं आहे. शिवाय क्लबचा करार संपत आला आहे, तो वाढला नाही तर ती जागा आम्ही पार्किंगसाठी मागणार आहोत, हेही त्याने मोकळेपणाने सांगून टाकलं. डच माणूस पोटात काही ठेवत नाही.

त्या संध्याकाळी साडूभाऊंचा मला फोन आला. नेहमी ते फोनवर एवढं मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं. त्या दिवशी आवाज येईना. “पार्किंग म्हणतो रे तो,” एवढंच म्हणाले. मी काहीतरी समजुतीचं बोललो. पण मला कळलं होतं. डोंगर गेला असता तर साडूभाऊंचं नेदरलँड्समधलं घर उरलं असतं, नोकरी उरली असती, पासपोर्टही उरला असता; पण ज्याला ते उठता-बसता ‘आपला’ म्हणतात, असं तिथे दुसरं काही उरलं नसतं.

मग कोरोना आला. साडूभाऊ घरून काम करू लागले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक आपल्यामागे समुद्रकिनारे लावायचे, यांच्यामागे तो हिरवा डोंगर. रोज सकाळी वर्ध्याला आईला व्हिडिओ कॉल, तोही चटयांवर पाणी मारता मारता. म्हातारी चष्मा पुसून बघायची आणि विचारायची, “काहून रे, एवढ्या लांब जाऊन सडाच घालतोस का?” साडूभाऊंना हे फार आवडायचं. ते आम्हाला आईचं वाक्य ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या हिवाळ्यात सरकारने बंदिस्त जागेतले सगळे खेळ बंद केले. उघड्यावर मुलांना खेळायची परवानगी राहिली. आणि एकाएकी चमत्कार झाला. पलीकडचं थोरलं केंद्र, बर्फ, पाळणे, हॉटेल यांच्यासकट कडेकोट बंद. आणि अलीकडची बादली उघडी. स्पर्धेची तयारी करणारी केंद्राची मुलं घरी बसून कंटाळली. शेवटी एका दुपारी तो मॅनेजर तोंडाला मास्क लावून स्वतः फाटकाशी आला, आपल्याच कुलपामागे उभा राहिला आणि आमच्या मुलांना तुमच्या उतारावर सराव करू द्याल का, असं त्याने साडूभाऊंना विचारलं.

समितीची बैठक ऑनलाइन झाली, तेव्हा आम्ही साडूभाऊंकडेच होतो. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात न येता, ताईंच्या हातचे पोहे खात होतो. समितीचा सूर सरळ होता: नाही म्हणा. एक जण म्हणाला, आधी पार्किंगचा नाद सोडल्याचं कबूल करायला लावा. दुसऱ्याने विचारलं, कुलूप घातलं कोणी होतं? खरं सांगतो, मीही मनातल्या मनात टाळी दिली. अशी नाडी आयती हातात सापडल्यावर ती न आवळणारा माणूस विरळा. सगळे साडूभाऊंकडे बघू लागले, कारण बादली म्हणून हिणवला गेलेला डोंगर त्यांचा होता.

साडूभाऊ नेहमीच्या मोडक्या-तोडक्या डचमध्ये बोलले. इतके हळू, की मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. ते म्हणाले, “माझी आई लहान होती, तेव्हा गावच्या विहिरीला तिला हात लावू देत नसत. घागर घेऊन ती लांब बसून राहायची. कोणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. वाट बघणं काय असतं ते आम्हाला घरीच कळलेलं आहे. माझ्या डोंगराच्या दारात कोणी पोर ताटकळणार नाही. अट घालायची असेल तर तुम्ही घाला, मी ती सांगायला जाणार नाही.”

त्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, परत घातला, आणि पुढचा विषय घेऊ या म्हणाल्या. ताई ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच वाटी धूत राहिल्या. मला मात्र त्या क्षणी माझ्या साडूचा असा काही अभिमान वाटला, की एरवी ज्याची मी यथेच्छ थट्टा करतो त्या माणसाला नमस्कार करावा असं मनात आलं. तेवढ्यात कॅमेरा बंद करून त्यांनी माझ्या ताटलीतले पोहे ओढून घेतले, त्यामुळे ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने कुलूप काढलं. त्याची मुलं हिवाळाभर आपल्या डोंगरावर ‘वाकव, वाकव’ करत घसरली. हा गृहस्थ मुलांबरोबर रोज यायचा आणि कुंपणाला टेकून बघत राहायचा. एकदा न राहवून त्याने साडूभाऊंकडून दाभण मागून घेतलं आणि चार टाके घातले. वाकडे घातले, असं साडूभाऊ अजून सांगतात. वसंतात तो आपण होऊन आराखडा मागायला आला. पार्किंगचं नाव परत कोणी काढलं नाही. केंद्राने पूल आणि पट्टा दिला, गेमेंटेने करार वाढवला, आणि चटया अंथरायला नीउ-व्हेनेप, लायडन, आइंडहोवनहून आमची सगळी मंडळी डबे घेऊन श्रमदानाला आली. साडूभाऊंनी हट्टाने फक्त एक गोष्ट मागून घेतली: नव्या नकाशावर दोन्ही डोंगर सारख्याच आकाराचे हवेत. नकाशा काढणारी मुलगी काकुळतीला आली, पण शेवटी तसंच झालं. परगावचे लोक तो नकाशा बघून येतात आणि दुसरा डोंगर शोधत राहतात.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र आमचं हसं झालं. मंगल कार्य, म्हणून साडूभाऊंनी सगळ्यांना पांढऱ्या कपड्यांत यायला सांगितलं होतं. आमच्याकडे वंदनेला, जयंतीला, लग्नाला पांढरं घालायचं, यात कोणाला काही वावगंही वाटलं नाही. त्रिशरण-पंचशील झालं, फीत कापली गेली. हिरव्या चटयांवर ती पांढरीशुभ्र रांग अशी काही शोभली की डच लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांग पुलावरून, फाटकातून, मागच्या दाराने बर्फात गेली आणि दिसेनाशी झाली. पांढऱ्यावर पांढरं. नुसती काळी डोकी आणि घाबरलेले आवाज. कोण कुठून येतंय ते कळेना. पहिल्याच फेरीत माझी बायको मॅनेजरवर जाऊन आदळली, आणि तिला उचलायला वाकलेल्या मॅनेजरवर मी. शेवटी केंद्राने नारिंगी जाकिटं वाटली, आणि अख्खा समाज रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या वेषात बर्फ उतरला.

या गोंधळात साडूभाऊ कुठे दिसेनात. मी परत आलो तर ते अलीकडेच, फाटकाशी उभे होते. फाटक एका हाताने धरलेलं, मुलं एकेक करून पलीकडे चाललेली. मी म्हटलं, “तुम्ही चला की. एवढं सगळं केलंत ते कशासाठी?” ते म्हणाले, “सगळे जाऊ दे. मग जातो.” नंतर खिशातला फोन चाचपून म्हणाले, “सवयीने काढला होता रे. तिकडे लावायला.” वर्ध्याची आई त्याच वसंतात, एप्रिलमध्ये गेली होती, कोरोनानेच. विमानं बंद होती. साडूभाऊंनी तिला शेवटचं पाहिलं तेही फोनवरच. पलीकडे नेणारी वाट तिला दाखवायची राहून गेली. मी फाटकाची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघे साडू तसेच उभे राहिलो.

पुढे ते फाटक काढूनच टाकलं. भंगारात जात होतं, ते साडूभाऊ सायकलच्या गाडीवर घालून घरी घेऊन आले आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. आईने पूर्वी कधीतरी पुरचुंडीत बांधून दिलेलं दोडक्याचं बी त्याच्या पायाशी लावलं. त्यांच्या मुलीने डचमध्ये विचारलं, हे गंजकं कशाला आणलंत बाबा? साडूभाऊ मराठीत म्हणाले, “वेलाला चढायला काहीतरी लागतं की नाही?” तिकडच्या उन्हात दोडका येत नाही, हे मी त्यांना शास्त्रीय कारणांसह समजावून सांगितलं. यंदा दोन आले. एक त्यांनी आम्हाला दिला. दुसरा पिशवीत घालून ते डोंगरावर गेले, चटयांच्या उतारावरून नेहमीप्रमाणे डोळे मिटून निघाले आणि सरळ पलीकडे मॅनेजरच्या दारात जाऊन थांबले.