शेजाऱ्यांचा हातोडा

बोगादीत आमच्या शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांकडे हातोडा मागणं म्हणजे तासाभराची शिक्षा. हातोडा मांडीवर धरून ते कानडी वळणानं म्हणत, "स्वल्प बसा. जर्मन याला हामर म्हणतात, स्वीडिश हामारे. मुळात तिकडं याचा अर्थ दगड. फ्रेंच मात्र लॅटिनच्या मागं गेले." घरी बायको कपाटाचं निखळलेलं दार धरून उभी, आणि इथं लॅटिन अजून सुरूही व्हायचं होतं.

वैतागून मी स्वतःचा हातोडा आणला. चार आठवड्यांनी तेच आमच्या दारात उभे.

"जरा तुमचा हातोडा द्या की."

"तुमचा कुठं गेला?"

"आहे की भिंतीवर. मागायलाच कुणी येत नाही."

मी कपाळाला हात लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "स्वल्प बसा."