चौकोनाचा मध्य

तेव्हा माझं लग्न ठरत होतं आणि कुणीतरी माझे फोटो उचलून त्याखाली घाण घाण लिहायला लागलं. खोट्या नावाचं खातं, रोज एक पोस्ट. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला आणि चहा पाजला. मला चहा नको होता. मला त्या माणसाचे दात पडलेले बघायचे होते. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी त्याला रोज बदडत होते.

नोकरीत मी पायथनमध्ये प्रोग्रामच लिहायची, म्हणून शोधायचं मीच अंगावर घेतलं. त्या खात्याच्या साऱ्या पोस्टी उतरवल्या आणि त्यांना जोडलेली जागा वेगळी काढणारा प्रोग्राम लिहिला. नेमकी जागा एकाही पोस्टीला नव्हती. नुसतं आमच्या शहराचं नाव, आणि शहराभोवतीच्या एका चौकोनाचे चार कोपरे. म्हटलं, कोपऱ्यांचा मध्य काढू. काढला, तर सगळ्या पोस्टी नकाशावर एकाच ठिपक्यावर आल्या, क्रांती चौकामागच्या एका गल्लीत. मला वाटलं सापडला, एका जागी बसूनच लिहितोय हरामखोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, धाकटा भाऊ आणि त्याचे दोन दोस्त मुकुंदवाडीहून निघालो. ठिपक्यावर इस्त्रीचं दुकान होतं. पन्नाशीचा एक माणूस शर्टावर पाणी शिंपडत होता. भावानं काही न विचारता त्याच्या कानाखाली वाजवली. तो कपड्यांच्या ढिगात पडला, तिथंच दोघांनी लाथा घातल्या. नाकातलं रक्त कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर पसरलं.

"मोबाइल काढ," मी म्हटलं.

त्यानं काढला तो बटणांचा, टेप गुंडाळलेला. मी म्हटलं, "दुसरा कुठं लपवलास? माझ्याबद्दल घाण लिहितोस तो?"

"दुसरा नाय ओ बाई. मला लिवता बी येत नाय."

"ताई, हा असा बोलणार नाय," भाऊ म्हणाला आणि त्यानं टेबलावरची गरम इस्त्री उचलली. दोस्तांनी त्या माणसाचा डावा हात टेबलावर दाबून धरला. मी थांब म्हणू शकले असते. मी शटर अर्धं खाली ओढलं. तो किंचाळला, मग वास आला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

दुपारी त्याच खात्यावर नवी पोस्ट आली. तो माणूस तेव्हा दवाखान्यात पट्टी बांधून घेत असणार. मी माझीच एक जुनी पोस्ट, घरच्या गच्चीवरून टाकलेली, प्रोग्रामला दिली. ठिपका इस्त्रीच्या दुकानावर. मग सिडकोतल्या मैत्रिणीची दिली. तीही तिथंच. शहराचा चौकोन सगळ्यांचा एकच होता, मग मध्य वेगळा कुठून येणार? एवढी साधी गोष्ट मला रागात दिसली नव्हती.

भावाला फोन केला. "झालं ते झालं, ताई. आता गप बस," तो म्हणाला. त्याला चपलेनं मारावंसं वाटलं, आणि त्याच्याआधी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. डावा हात गळ्यात अडकवून तो उजव्यानं इस्त्री फिरवत होता. चूक माझी होती हे कसं सांगायचं, ते मी रिक्षात घोकलं होतं. मला बघताच त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, उजवा हात पाठीमागं नेला आणि भिंतीला टेकला.

"मीच लिवलं, बाई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते समदं मीच लिवलं. फकस्त ह्यो हात राहू द्या."