झाकण उघडं ठेवायची पाच मिनिटं

पवना धरणाच्या काठावर तंबूवाल्यांची बोट मी बारा वर्षं चालवतोय. इतक्या वर्षांत झाकण उघडल्याशिवाय एकदाही चावी फिरवलेली नाही. आधी सगळ्यांनी काठावर थांबायचं, बिड्या-सिगारेटी विझवायच्या. मग मी मागची इंजनाची पेटी उघडणार, तोंड बाजूला ठेवून वास घेणार, पेट्रोलच्या पाइपवर बोटं फिरवून ओल लागते का बघणार. ऑईलची पट्टी काढणार, तळात पाणी साचलंय का ते बघणार. शेवटी पेटीतला पंखा लावून पाच मिनिटं झाकण उघडंच. वास येवो न येवो, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. पेट्रोलची वाफ जड असते, तळाला बसून राहते, नाकाला कळतही नाही, आणि एका ठिणगीत होत्याचं नव्हतं होतं. ज्यांनी मला बोट चालवायला शिकवली त्यांच्या दोन्ही भुवया अशाच गेल्या होत्या, परत उगवल्याच नाहीत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की पुढचं काही सांगायची गरज उरायची नाही.

शनिवार-रविवारची पुण्या-मुंबईची पोरं वैतागतात. "काका, चालू करा ना!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! एवढी घाई असेल तर पोहत जा, म्हणतो मी. बोटीच्या मालकानंही दोनदा झापलंय. पण मी आहेच तसला, हेकट. हा शब्द आमच्या वहिनीचा. दुपारची भाकरी घेऊन काठावर आली की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "चालू द्या भावजी, इंजनाची पूजा चालू द्या. नारळ आणू का?" आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हापासून या बाईनंच मला खाऊपिऊ घातलं, त्यामुळे चिडवायचा हक्क तिचा एकटीचा.

दोन वर्षांपूर्वी भाताची कापणी चालू होती. कामशेतकडे जाणारा आमच्या बाजूचा रस्ता मोरीच्या कामासाठी खणून ठेवलेला, त्यामुळे पलीकडे जायला बोटच. भर दुपारी दादा वहिनीला जवळजवळ उचलूनच काठावर घेऊन आला.

"हिच्या छातीत कळ आलीय. पल्याड जीप सांगितलीय. चल, लवकर!"

मी पेटी उघडली. विचार केलाच नाही, हातच गेले. वास नव्हता. पाइप कोरडा. ऑईल बरोबर. मी पंखा लावला आणि घड्याळात बघितलं.

वहिनी दगडावर बसली होती, दादाच्या अंगावर रेलून. ओठ पांढरे पडलेले, लुगड्याला अजून भाताची काडं चिकटलेली. "झाली का पूजा, भावजी?" एवढंच म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

"आरं, चालू कर की! कुणाची वाट बघतोस?" दादा ओरडला.

"पाचच मिनिटं, दादा."

तो तरातरा बोटीत आला, पेटीवर वाकला, आत बघितलं आणि परत वहिनीपाशी गेला. मी एक मिनिटही सोडलं नाही. आज हे लिहितानाही माझा मलाच संताप येतो.

पलीकडे पोचलो, जीप मिळाली, कामशेतच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, उशीर झाला. किती उशीर, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दहाव्याला भावकी जमली होती, तेव्हा दादा सगळ्यांसमोर बोलला. "बोट चालू करायला पाच मिन्टं लावली यानं. न्हाईतर वाचली असती ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नियमानं वागलो, एवढंच म्हणायचं होतं. खरं होतं ते. पण तिच्या फोटोसमोर 'नियम' हा शब्द तोंडातून निघेना. मी म्हणालो, "पाइप गळत होता. पेट्रोलचा भपका येत होता नुसता. चालू केली असती तर तिघंही गेलो असतो." माना डोलल्या. एक म्हातारे आबा म्हणाले, "मग बरुबर केलं पोरानं." दादानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. एका घरात राहायचो, जेवायचोही समोरासमोर. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायचा.

परवा पलीकडच्या गावात नात्यातलं कुणी वारलं. वर्दळीचा दिवस नव्हता, बोटीला दुसरं कुणी नव्हतं. दादा काठावर येऊन उभा राहिला. मी पेटी उघडली, पंखा लावला. तो त्याच दगडावर बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला सहन होईना.

"दादा, त्या दिवशी वास नव्हता. पाइपही गळत नव्हता. मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय. म्या वाकून बघितलं व्हतं. माझं नाक काय मेलं व्हतं?"

"मग दहाव्याला तसं म्हणाला का नाहीस?"

तो पाण्याकडे बघतच बोलला.

"सकाळपासनं दुखतंय म्हणत व्हती ती. म्याच म्हणलं, एवढं वावर उरकू, मग जाऊ. तीन-चार तास कापत व्हती तशीच." त्याचा आवाज फाटला. "माझं पाप तुझ्या डोक्यावर ढकललं म्या. वाटलं, तू भांडशील, म्हणशील, पाच मिन्टांनी काय व्हतंय, आधी का न्हाई आणलंस? मग बोललो असतो सगळ्यांफुडं. तू खोटं बोललास, समद्यांनी माना डोलावल्या, अन् माझं खरं तितंच आडकलं."

दोन वर्षं. माझी अब्रू राखायला मी चार शब्द बोललो, आणि या माणसाला दोन वर्षं रडायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. माझा हात चावीकडे जाईना. मी बोटीतून उतरलो आणि त्याच्याशेजारी बसलो. दहाव्याला ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, तो माझा दादा माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडला.