उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

"जरा थांबा, ऊन फिरू दे की," असं म्हणून ते तळहात आडवा धरायचे आणि त्याची सावली स्वतःच्या शर्टावर कुठे पडते ते बघायचे. समोर नवरा-नवरी घामाने भिजलेली, वऱ्हाड भुकेलेलं, आणि मी यादी हातात घेऊन घड्याळाकडे बघत उभी.

मी तेव्हा शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघत असे. भटजी, बँडवाले, आचारी, अक्षता, वऱ्हाडाची बस कुठे लावायची, सगळं माझ्या यादीत क्रमाने. लग्नाच्या अल्बममध्ये कधीच न दिसणारा एक माणूस प्रत्येक लग्नात असतो, आठवून बघा. ते आमचे फोटोग्राफर. पंचावन्नच्या पुढचे, पांढरा शर्ट, खांद्याला दोन कॅमेरे. एक लग्नाचा, रंगीत. दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल. तो फक्त जुन्या इमारतींसाठी.

"रंगीत फोटोत माणूस साडी बघतंय," ते म्हणायचे. "काळ्या-पांढऱ्यात भिंत बघतंय."

कोणत्या कमानीवर कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन येतं, सगळं त्यांना पाठ. कागदावर मात्र एक ओळ नाही. मी म्हणायची, लिहून ठेवा.

"तुमी हायसा की लिव्हायला, वहिनी. सगळ्यांनीच याद्या केल्या तर काम कुणी करायचं?"

कार्यालयामागच्या बोळात गुळाची एक जुनी वखार होती. तोंड उत्तरेला, म्हणून जवळजवळ वर्षभर सावलीत. छपराखाली लाकडात कोरलेले मोर होते, पण रस्त्यावरून ते नुसते काळे ओंडके दिसत. मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकला, की भर दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन भिंतीला घासत खाली उतरे. पाऊस आला की संपलं. नेमके त्याच पंधरा-वीस दिवसांत आमचे मुहूर्तही साडेबाराचे. अशी नऊ वर्षं त्यांची हुकली.

दहाव्या वर्षी वखार विकली गेली. सोमवारपासून पाडणार असं कळलं, तेव्हापासून ते पंगतीत पानावर नुसतेच बसायचे. आठवडाभर वळवाचे ढग. आदल्या रविवारी आमच्याकडे लग्न, मुहूर्त बारा एकतीस.

"लग्नाला दुसरा कुणी पाठवा," मी म्हटलं.

"मे महिन्यात कोण रिकामं असतंय? आणि शब्द दिलाय."

रविवारी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि खिडकीबाहेर एकाएकी लख्ख ऊन पडलं. त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला, माझ्याकडे बघितलं. पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

आमच्याकडे नियम होता, मंगलाष्टकं पाच, त्यावर एक नाही. प्रत्येक आत्याला स्वतः रचलेलं म्हणायचं असतं आणि तिकडे भात गार होतो. नियम माझाच. मी फोटोग्राफरजवळ गेले. "जा. दहा मिनिटं." मग बायकांच्या रांगेकडे वळले. "अजून कुणाला म्हणायचंय?"

चार जणी पुढे आल्या. राधानगरीच्या आत्यांनी पिशवीतून वहीचे कागदच काढले.

भटजी माझ्याकडे बघायला लागले. एक आत्या झाल्या, दुसऱ्या झाल्या. माझं बोट सवयीने यादीवरून फिरत होतं, ते एका ओळीवर अडलं. वऱ्हाडाची बस, मागच्या बोळात, वखारीपुढे. तिथे सावली असते म्हणून मीच लिहिलेलं. एवढ्याशा उन्हापुढे मी बस उभी केली होती, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. राधानगरीच्या आत्या दोन्ही घराण्यांतल्या एकेकाचं नाव घेत होत्या. मी मनात म्हणत होते, अजून एक कडवं.

शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या, हार घातले गेले.

"फोटूवाला कुठाय?" नवरीचे वडील.

"मी पाठवलंय," मी म्हटलं. "माझ्या कामाला."

तेवढ्यात ते आले. शर्टाला पोटावर गंज, तळहात भाजून लाल. "टपावर चढलो बसच्या," एवढंच कुजबुजले. हार काढून पुन्हा घालायला लावले, पण नवरीचे वडील शेवटपर्यंत हसले नाहीत. संध्याकाळी मालकांनी सांगितलं, हा माणूस पुन्हा नको. चूक माझी आहे, मी म्हटलं.

"तुमच्यावाचून आमचं अडतंय," मालक म्हणाले. "त्याच्यावाचून न्हाई."

सोमवारी वखार पाडायला घेतली. रोल मात्र त्यांनी धुतलाच नाही. राजारामपुरीत त्यांचा स्टुडिओ होता, तिथे मी दोनदा जाऊन आले. रोल शर्टाच्या खिशात.

"एकच फोटो मिळाला, मग ढग आला," ते म्हणाले. "ड्रायव्हर आत झोपला हुता. त्यानं कूस बदलली आसंल तर? बस हलली आसंल तर?"

"धुतल्याशिवाय कसं कळणार?"

"धुऊ की." आणि खिशावर हात.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी ते कार्यालयात आले. ते त्यांचं शेवटचं येणं. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो त्यांनी माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि उभे राहिले. मी तो सुलटा केला. मला फोटोतलं फार कळत नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी पेन्सिल उलटी धरून डावीकडून मोर मोजत गेले. प्रत्येकाला चोच, प्रत्येकाला तुरा, आणि खाली दगडावर लांबच लांब उतरलेली सावली.

"अकरा," मी म्हटलं. "शेवटच्याची मान मागं वळलीय."

"दिसतीया?"

"स्पष्ट."

ते समोरच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग पाणी मागितलं.