गच्चीवरचा चौकोन

कंपनीने लष्कराचं काम घेऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी सह्या करून विरोध केला. साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त चौकोन काढा, बाकीचं टेन्शन तुम्हाला कशाला?" आणि काम घेतलंच. तेव्हापासून मी हेंद्रेपाड्यातल्या घरी बसून, आकाशातून टिपलेल्या फोटोंतल्या माणसांभोवती चौकोन काढते. हातात लांब काही दिसलं की 'सशस्त्र' लिहायचं. काठी आहे की बंदूक, हे एवढ्या वरून कुणाच्या बापाला कळतं? पण ते बघूनच ड्रोनमधलं मशीन शिकतं, कुणाला मारायचं ते.

परवा आई गच्चीवर पापड वाळत घालत होती. कावळे हाकलायला हातात काठी होती. मी चहा घेऊन वर गेले, तर तिच्या डोक्यावर ड्रोन घरघरत होता. समोरच्या सोसायटीतल्या हळदीच्या शूटिंगचा आहे, हे मला दिसत होतं.

"आई, काठी टाक! खाली बस!" तरी मी किंचाळले.

"वेड लागलं काय गं?" म्हणत आईने पदर सारखा केला, आणि ड्रोनकडे बघून हसत काठी उंच हलवली.

माझ्या डोळ्यांनी सवयीने तिच्याभोवती चौकोन काढलासुद्धा.